भांगेचे वाण व त्यांचा संकर

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या चंडीगढ शहरात, रिकाम्या जागांत व रस्त्यांच्या कडेला भांगेची झाडे कोणी न पेरता उगवतात. उपद्रवी तण म्हणून ती उपटली जातात. तथापि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे तण म्हणजे वाणसुधारणेचे मूलद्रव्यच होय.

लिनियसने १७५३ साली या वनस्पतीला ‘कॅनाबिस सटायव्हा’ हे नाव दिले. पुढे १७८५ साली लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून ‘कॅनाबिस इंडिका’ ही निराळी जाती वर्णिली.

भांगेत नर व मादी झाडे बहुधा वेगवेगळी असतात आणि परागण वाऱ्याने होते. शेतकऱ्याने कोठे धाग्यासाठी, कोठे बियांसाठी, तर कोठे राळेसाठी झाडे निवडली. अनेक पिढ्यांच्या या निवडीतून त्या त्या प्रदेशाचे वाण घडले. पूर्वी बंगालमधील गांजाच्या शेतांतून नर झाडे हुडकून काढण्याचे काम ‘पोद्दार’ म्हणविणारे जाणकार करीत. कारण परागण न झालेल्या मादीच्या तुऱ्यांत राळ अधिक साठते.

दोन भिन्न वाणांचा संयोग म्हणजे संकर. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात अमेरिकेतील हौशी लागवडदारांनी अफगाणिस्तानचे ठेंगणे, लवकर फुलणारे वाण व मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील उंच, उशिरा फुलणारे वाण यांचा संकर केला. आजच्या अनेक संकरित वाणांचे मूळ त्यात आहे.

या संकराचा नियम २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने स्पष्ट केला. मादक द्रव्य टीएचसी व अमादक द्रव्य सीबीडी यांपैकी कोणते प्रधान असावे, हे मुख्यतः एका जनुकाच्या दोन रूपांवरून ठरते. टीएचसीप्रधान व सीबीडीप्रधान अशा शुद्ध वाणांचा संकर केला असता पहिल्या पिढीतील सर्व झाडांत दोन्ही द्रव्ये आढळतात. दुसऱ्या पिढीत मात्र एक टीएचसीप्रधान, दोन मिश्र व एक सीबीडीप्रधान असे प्रमाण पडते. मेंडेलने वाटाण्यावरील प्रयोगांतून शोधलेला विभाजनाचा नियमच येथे प्रत्ययास येतो.

यावरून चंडीगढच्या तणाचे महत्त्व कळते. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार गांजाच्या झाडाची लागवड परवान्यावाचून करता येत नाही. उत्तराखंडाने २०१८ साली औद्योगिक भांगेच्या लागवडीस परवानगी दिली. त्यासाठी टीएचसीचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत असावे लागते. परंतु असे सौम्य वाण रानटी भांगेच्या शेजारी लावले, तर वाऱ्याबरोबर येणारे पराग त्याच्या मादी फुलांवर पडतात. अशा पिकाचे बी पुन्हा पेरले असता वाणाची शुद्धता टिकत नाही. उलट, शेतातील परागही रानातील मूळ वाणांत मिसळतात व त्यांचे वेगळेपण पुसून टाकतात.

संकराला भिन्न मूळ वाण लागतात, आणि अनिर्बंध संकर ती भिन्नताच नष्ट करतो. म्हणून नवे वाण निर्माण करण्याइतकेच जुन्या स्थानिक वाणांचे बी वेगळे जतन करणे अगत्याचे आहे.