घरकामाची वाटणी आणि कुटुंबाचे वय

पती-पत्नींमधील घरकामाची वाटणी लग्नानंतर एकदाच ठरते आणि पुढे आयुष्यभर टिकते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. कुटुंबालाही वय असते. त्या वयाच्या प्रत्येक टप्प्यावर वाटणी नव्याने होत असते. मात्र ती क्वचितच उघड बोलून होते.

बंगळूरचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १९४८ साली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्स आणि १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सरकारी उद्योग येथे स्थापन झाले. त्यांतील कामगार बहुतांशी पुरुष होते. पुढे तयार कपड्यांचे कारखाने वाढले आणि तेथे स्त्रियांची बहुसंख्या झाली. म्हणजे स्त्री घराबाहेर पडली. पण तिच्या जागी घरात कोण आले? नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्तीत पाणी भरणे, स्वयंपाक, मुलांचे डबे हे सारे उरकूनच तिला कारखाना गाठावा लागतो.

नवविवाहित जोडप्यात वाटणी बरीच सैल असते. पहिले मूल झाले की ती घट्ट होते, आणि बहुधा जुन्याच वळणावर जाते. येथे कामाचे तास मोजण्याबरोबरच कामाचे स्वरूपही पाहिले पाहिजे. बिले भरणे, बाजारहाट, दुरुस्ती ही पुरुषांकडे येणारी कामे उद्यावर ढकलता येतात. भुकेले मूल उद्यापर्यंत थांबत नाही.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरील ८१.२ टक्के स्त्रिया विनामोबदला घरकाम करताना आढळल्या. पुरुष केवळ २६.१ टक्के. घरकाम करणाऱ्यांची दैनिक सरासरी स्त्रियांत २९९ मिनिटे, तर पुरुषांत ९७ मिनिटे होती. हा ९७ चा आकडा फसवा आहे. त्यात घरकामाला हातच न लावणारे पुरुष धरलेले नाहीत. सर्वांना धरून हिशेब केला, तर पुरुषांच्या वाट्याला जेमतेम २५ मिनिटे येतात, स्त्रियांच्या वाट्याला सुमारे २४३. २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची सरासरी २८९ मिनिटांवर आली. पुरुषांचीही घटून ८८ झाली. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली खरी, परंतु ती पुरुषांनी उचलली असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

कायद्यानेही मूल आईचेच मानले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाळणाघराची सक्ती केली ती तीसपेक्षा अधिक स्त्री-कामगार असतील तेथे. बापांची संख्या मोजण्याचे कारण कोणाला वाटले नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांची अट घातली, तीत पुरुषही आले. तरी दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभा आईलाच मिळाली.

पाळणाघर नसेल तेथे आजी येते. कोणाची आई, कोणाची सासू, गाव सोडून लेकाच्या किंवा लेकीच्या घरी येऊन राहते. पती-पत्नींमधील तंटा मिटतो, पण काम एका स्त्रीकडून दुसरीकडे गेलेले असते. तिचा पती नोकरीतून निवृत्त झालेला असतो. ती मात्र साठीत पुन्हा दुधाच्या बाटल्या उकळत असते.