फ्यूजला गुंडाळलेली तार

मामांनी 1981 साली सौदीहून आणलेला स्टिरिओ रिसीव्हर आचोळ्याच्या आमच्या घरात माळ्यावर चौदा वर्षं पडून होता. खाली काढला, पुसला आणि त्याच संध्याकाळी प्लग लावला. फ्यूज उडाला. नवा मिळेपर्यंत धीर धरवेना, म्हणून त्यावर तांब्याची तार गुंडाळली. डायल नेहमीपेक्षा जास्तच लख्ख उजळली, स्पीकर घुमला, डाव्या वूफरचा कागद पुढे येऊन तिथेच अडकला आणि जळका वास सुटला.

मागचा व्होल्टेज सिलेक्टर मी पाहिलाच नव्हता. सौदीत तेव्हा बऱ्याच घरांत 127 व्होल्टची वीज असे. काटा तिथेच होता. आपली वीज 230ची. फ्यूजने वेळेवर सांगितलं होतं, तारेने त्याचं तोंड बंद केलं. फिल्टरचे कपॅसिटर, आउटपुटचे ट्रान्झिस्टर, वूफरची कॉइल, सगळं गेलं. ट्रान्सफॉर्मर तेवढा वाचला, म्हणून तर दुरुस्ती झाली.

तुमच्याकडे असा संच असेल तर आधी मागची पट्टी वाचा. जुन्या बाजारातून घेताना तर वाचाच: जपानच्या देशी बाजारासाठीचा संच 100 व्होल्टचा, आणि त्याचा एफएम साधारण 76 ते 90 मेगाहर्ट्झचा. त्यावर मुंबईची विविध भारती, 102.8, लागणारच नाही.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर काढून ठेवा आणि इलेक्ट्रिशियनकडून सिरीज बल्बचा बोर्ड करून घ्या. जुना पिवळा, 60 किंवा 100 वॅटचा बल्ब. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच प्लग काढा. झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठे कपॅसिटर झटका देतात. स्पीकर जोडण्याआधी त्यांच्या टर्मिनलवर डीसी किती येतो ते मेकॅनिककडून मोजून घ्या. तो शून्याच्या जवळ हवा.

राहिली आपली खाडीकडची दमट हवा. व्हॉल्यूमचा खरखराट तिचाच. त्यावर शिलाई मशीनचं तेल सोडू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरच वापरा. पावसाळ्यात संच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला तर ओल आतच कोंडते. त्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास लावा, वर चार बोटं जागा मोकळी ठेवा, आणि विजा कडाडू लागल्या की प्लग आणि अँटेना दोन्ही काढा.