ताबोर डोंगर

वाचावयाचे भाग: शास्ते 4:4–16, शास्ते 5:4, 21, यिर्मया 46:18, मत्तय 17:1–9.

गालील प्रांतांत नासरेथाच्या पूर्वेस सुमारें 6 मैलांवर ताबोर डोंगर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें 1,900 फूट, म्हणजे फार मोठी नव्हे. तथापि तो डोंगरांच्या रांगेंत नसून इज्रेलाच्या सपाट खोऱ्याच्या ईशान्य टोंकास एकटाच उभा आहे, व पालथ्या घातलेल्या पाटीप्रमाणें दुरूनच ओळखूं येतो. यिर्मया संदेष्ट्यानें येणाऱ्या राजाला ताबोराची उपमा कां दिली, हें यावरून ध्यानांत येतें.

डोंगर चुनखडीच्या दगडाचा आहे. तेथें पाऊस आपल्याप्रमाणें मृगांत सुरू होत नाहीं. तो हिंवाळ्यांत पडतो, आणि उन्हाळा अगदीं कोरडा जातो. उत्तरेकडील उतारावर ऊन कमी लागत असल्यामुळें ओल टिकते व तेथें झाडी दाट आहे. दक्षिणेकडील बाजू अधिक उघडी आहे. झाडींत ओक जातीचे वृक्ष पुष्कळ. त्यांतील एका जातीस वनस्पतिशास्त्रांत या डोंगराच्या ग्रीक नांवावरूनच नांव दिलेलें आहे. पायथ्याशीं दबुरिया व शिबली हीं अरबी गांवें आणि सभोंवार शेतें आहेत.

आतां बाराकाची गोष्ट पाहूं. सीसऱ्यापाशीं 900 लोखंडी रथ होते. बाराकाचे 10,000 लोक पायदळ होते. सपाटीवर त्यांचा टिकाव लागता ना. परंतु चढणीवर व झाडींत रथ चालत नाहीं. म्हणून दबोरेनें देवाच्या आज्ञेनें त्यांस ताबोरावर जमविलें. पुढें काय झालें तें तिच्या गीतावरून कळतें: आकाशांतून पाणी पडलें व किशोन ओढ्यास पूर आला. काळ्या जमिनींत गाडीचें चाक रुतल्यावर बैलांची काय दशा होते, हें आपल्या शेतकऱ्यास सांगावयास नको. ज्या रथांची इस्राएलास धास्ती होती, तेच चिखलांत ओझें झाले. पण ध्यानांत ठेवा: पाऊस देवानें पाठविला, तरी डोंगर उतरून खालीं जाणें बाराकासच भाग होतें.

येशूचें रूपांतर याच डोंगरावर झालें, असें पुष्कळ ठिकाणीं शिकविलें जातें. चौथ्या शतकांत यरुशलेमाचा अध्यक्ष सिरिल यानें तसें म्हटलें, आणि 1924 सालीं पुरें झालेलें रूपांतराचें मोठें मंदिर माथ्यावर आहे. परंतु शुभवर्तमानांत डोंगराचें नांव दिलेलें नाहीं. तेथें तो उंच होता व शिष्य एकांतीं गेले, एवढेंच आहे. ताबोराच्या माथ्यावर तर जुनी वस्ती होती: इ. स. पूर्वी 218 मध्यें तिसऱ्या अंतियुखानें तेथील नगर घेतलें, आणि इ. स. 66 मध्यें सुरू झालेल्या यहुदी युद्धांत योसेफसानें माथ्यास तट घातला. शिवाय सहा दिवसांपूर्वी प्रभु फिलिप्पाच्या कैसरियाकडे होता. तेथून 9,000 फुटांहून उंच असा हर्मोन जवळ आहे. म्हणून कित्येक विद्वान हर्मोनाचें नांव घेतात. निर्णय करण्याइतका पुरावा कोणाच्याहि बाजूस नाहीं.

तर मग उपदेशकानें मंडळीस काय सांगावें? “परंपरा ताबोर म्हणते, शास्त्र नांव सांगत नाहीं,” असें सरळ सांगावें. यानें कोणाचा विश्वास डळमळत नाहीं. उलट, आपला उपदेशक जेवढें लिहिलें आहे तेवढेंच सांगतो, अशी ऐकणाऱ्याची खातरी होते, व तो दुसऱ्या गोष्टींतहि त्याचा शब्द मानतो. पेत्रास मंडप घालून डोंगरावर राहावेसें वाटलें. पण प्रभु खालीं उतरला, आणि पायथ्याशीं एक बाप आपल्या आजारी मुलास घेऊन वाट पाहत होता. डोंगराचें नांव ठाऊक नसलें, तरी ती उतरणीची वाट आपणांस ठाऊक आहे.

प्रश्न
1. ताबोराच्या दोन बाजूंस झाडी सारखी कां नाहीं?
2. बाराकाचे लोक सपाटीवर न जमतां डोंगरावर कां जमले?
3. रूपांतराच्या डोंगराविषयीं शास्त्र काय सांगतें, व काय सांगत नाहीं?