दुःखाचे मूळ कोठे आहे?
(एपिक्टेटसचा एक संवाद)

प्राचीन ग्रीकांच्या दृष्टीने तत्त्वज्ञान हा केवळ वादविवादाचा विषय नव्हता. ती जीवन नीट जगण्याची विद्या होती. शरीराच्या रोगांसाठी जसा वैद्य, तसा मनाच्या रोगांसाठी तत्त्ववेत्ता, अशी त्यांची धारणा होती. गृहस्थाला सहज उमजेल अशा रीतीने ही विद्या शिकविणाऱ्यांमध्ये एपिक्टेटसचे स्थान मोठे आहे.

एपिक्टेटसचा जन्म इ. स. ५० च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या हिरापोलिस नगरात झाला. तो दास होता. रोम येथे स्टोइक पंथाचे आचार्य मुसोनियस रूफस यांच्याजवळ त्याने अध्ययन केले आणि दास्यातून मुक्त झाल्यावर तो स्वतः शिकवू लागला. सम्राट डोमिशियनने तत्त्ववेत्त्यांना हद्दपार केले, तेव्हा त्याने ग्रीसमधील निकोपोलिस येथे पाठशाळा चालविली. त्याने स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्याचे संवाद शिष्य एरियन याने लिहून ठेवले. भारताचे वर्णन करणारा ‘इंडिका’ हा ग्रंथ याच एरियनचा. त्या संवादांचे चार भाग आज उपलब्ध आहेत. पहिल्या भागाच्या ११ व्या प्रकरणातील प्रसंग प्रत्येक कुटुंबवत्सल मनुष्याने मनन करण्याजोगा आहे.

एक अधिकारी एपिक्टेटसच्या भेटीस आला. बोलता बोलता मुलाबाळांचा विषय निघाला, तेव्हा त्याने आपले दुःख सांगितले. त्याची लहान मुलगी आजारी पडली असता तिचे हाल त्याला पाहवेनात. म्हणून तो घरातून निघून गेला आणि ती बरी झाल्याचे कळेपर्यंत परतला नाही. ‘हे योग्य झाले काय?’ असे विचारताच तो म्हणाला की, हे स्वाभाविकच होते. बहुतेक बाप असेच वागतात. एपिक्टेटसने उत्तर दिले की, शरीरावर गाठीही उठतात. पण उठतात एवढ्यावरून त्या हितकर ठरत नाहीत.

मग त्याने एकेक प्रश्न विचारला. आईचे मुलीवर प्रेम आहे ना? मग तिनेही निघून जावे काय? दाईने आणि सेवकानेही जावे काय? तसे झाले असते, तर जिच्यावर सर्वांचे एवढे प्रेम, ती मुलगीच एकटी व असहाय पडली असती. स्वतः आजारी असताना आप्तांनी आपल्यावर असेच प्रेम करावे, असे त्या पित्याला वाटेल काय? असल्या प्रेमापेक्षा शत्रूचे प्रेम बरे. निदान तो दूर राहिल्याने शांतता तरी लाभेल!

येथे संवाद मूळ मुद्द्यावर येतो. पिता पळाला तो मुलीच्या आजारामुळे नव्हे. आजार तर आईपुढेही होता. ‘हे मला सोसवणार नाही’ असा जो निर्णय त्याच्या मनाने केला, त्याने त्याला पळविले. म्हणून एपिक्टेटस सांगतो की, आपल्या कृतीचे कारण शेजारी, सेवक, पत्नी वा मुले यांच्यात शोधू नये. ते आपल्या मतांत शोधावे. शरीर, धन, कीर्ती आपल्या पूर्ण स्वाधीन नाहीत. परंतु त्यांविषयी काय मानावे, हे आपल्या स्वाधीन आहे. या दोहोंतील भेद ओळखणे हेच आत्मज्ञानाचे पहिले पाऊल होय.

गीतेच्या वाचकाला येथे अर्जुनाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. तोही स्वजनांवरील ममतेमुळे कर्तव्यापासून निघून जाऊ पाहत होता, आणि आपल्या विषादाला त्याने करुणेचे रूप दिले होते. दोन्ही परंपरांचा पाया भिन्न आहे. गीता अविनाशी आत्म्याचे ज्ञान सांगून भगवंताला शरण जाण्यास सांगते. एपिक्टेटसचा भर विवेकाने केलेल्या निर्णयावर आहे. तथापि मोहाला प्रेम समजू नये, हा बोध दोन्ही ठिकाणी मिळतो.

घरात आजार, वार्धक्य किंवा आपत्ती आली म्हणजे पळण्यासाठी घर सोडावेच लागते असे नाही. कामाच्या निमित्ताने, चिडचिडीने किंवा नुसत्या रडण्यानेही मनुष्य रोग्यापासून दूर जातो. अशा वेळी गृहस्थाने स्वतःला एवढेच विचारावे : ‘माझे हे दुःख त्याच्या सेवेस उपयोगी पडत आहे, की मला त्याच्यापासून दूर नेत आहे?’ या प्रश्नाचे खरे उत्तर मिळाले की पाय आपोआप रोग्याच्या उशाशी वळतात.