एककेंद्री जुना रेडिओ दुसऱ्या केंद्रावर कसा लावावा

काही जुने रेडिओ असे बनविलेले असतात की, त्यांस केंद्र बदलण्याची चकतीच नसते. कळ फिरविली की नेमलेले एकच केंद्र बोलू लागते. ज्यास यंत्राची काही माहिती नाही त्यासही तो लावता यावा, हा या रचनेचा लाभ होय. परंतु ते केंद्र बंद पडले अथवा त्याची कंपनसंख्या बदलली, म्हणजे संच धडधाकट असूनही मुका होतो. १९७५ च्या जिनीव्हा कराराप्रमाणे २३ नोव्हेंबर १९७८ रोजी आशिया, युरोप व आफ्रिका येथील मध्यमलहरींची केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने नव्याने बसविण्यात आली. अशा वेळी चकती असलेल्या संचाचे थोडक्यात भागते; एककेंद्री संच मात्र आतून बदलावा लागतो.

असा संच पुष्कळदा घरातील एखाद्या वृद्धाचा किंवा दृष्टी अधू झालेल्या मनुष्याचा सोबती असतो. तो मोडीत घालणे जसे योग्य नव्हे, तसे न समजता त्यातील पेच फिरविणे हेही योग्य नव्हे. म्हणून प्रथम आत काय चालते ते पाहू.

संचात तारेचे वेटोळे व कंडेन्सर यांच्या दोन जोड्या असतात. पहिली जोडी एरियलकडून आलेल्या लहरींतून हवे ते केंद्र निवडते. दुसरी जोडी, जिला ऑसिलेटर म्हणतात, ती संचातच स्वतःच्या लहरी उत्पन्न करते. या लहरींची कंपनसंख्या केंद्राच्या कंपनसंख्येहून, बहुतेक संचांत, ४५५ किलोहर्ट्झने अधिक असते. दोन्ही लहरी मिसळल्या म्हणजे ४५५ चा जो फरक उरतो, तोच पुढे मोठा केला जातो. ही युक्ती अमेरिकन शास्त्रज्ञ एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ साली काढली.

उदाहरण घेऊ. मुंबईच्या १०४४ किलोहर्ट्झवर बसविलेला संच पुण्याच्या ७९२ वर आणावयाचा आहे. ऑसिलेटर १४९९ वरून १२४७ वर आणावा लागेल. कंपनसंख्या निमपट करावयाची तर कंडेन्सरचे माप चौपट करावे लागते, असा नियम आहे. त्या हिशेबाने पहिल्या जोडीचे माप सुमारे १.७४ पट, तर ऑसिलेटरचे सुमारे १.४४ पट वाढवावे लागते. यावरून दिसेल की, दोन्ही जोड्या बदलाव्या लागतात, आणि त्याही सारख्या प्रमाणात नव्हेत.

आता सावधगिरी. व्हॉल्व्हच्या संचात दोनशेहून अधिक व्होल्टचा दाब असू शकतो. काही संचांचा लोखंडी सांगाडाच विजेच्या तारेस जोडलेला असतो. आणि वीज तोडल्यावरही कंडेन्सरमध्ये ती काही काळ साठून राहते. यात प्राणाचे भय आहे. विजेवर चालणारा संच जाणत्या कारागिराकडेच न्यावा. लहान बॅटरीचा संच असेल तरच पुढील कृती स्वतः करावी.

प्रथम साध्या रेडिओवर नवे केंद्र आपल्या गावी स्पष्ट ऐकू येते की नाही ते पाहावे. जे केंद्र गावापर्यंत पोहोचतच नाही, ते कोणत्याही पेचाने लागणार नाही. ही परीक्षा दिवसा करावी. कारण रात्री मध्यमलहरी फार दूरवर जातात, आणि भलतेच केंद्र आपले वाटते.

मग दोन्ही ट्रिमरच्या पेचांची जुनी जागा खुणेने नोंदून ठेवावी. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पेचकसाने ऑसिलेटरचा ट्रिमर अगदी हळू फिरवावा. दाबपेचाचा ट्रिमर आवळला की कंपनसंख्या उतरते, सैल केला की चढते. नवे केंद्र ऐकू आले की तेथेच थांबावे. नंतर एरियलकडील ट्रिमर फिरवून आवाज सर्वांत मोठा होईल तेथे ठेवावा. ट्रिमर पुरा आवळूनही केंद्र न लागल्यास त्यास समांतर एक लहान कंडेन्सर जोडावा लागतो. ऑसिलेटर स्फटिकाचा असेल तर योग्य मापाचा नवा स्फटिकच बसवावा लागतो. शेवटी पेचांवर मेणाचा थेंब सोडावा, म्हणजे ते हलणार नाहीत.

४५५ किलोहर्ट्झच्या डब्यांतील पेचांस मात्र मुळीच हात लावू नये. केंद्र कोणतेही असो, ते माप बदलत नाही. आवाज येत नाही म्हणून दिसेल तो पेच फिरविणारा मनुष्य नेमका हाच बिघाड करून बसतो, व मग चांगला संच उपकरणांवाचून दुरुस्त होत नाही. काय बदलावे हे शिकणाऱ्याने काय बदलू नये हे आधी शिकावे.