मुलांचे सिमयुक्त घड्याळ व त्याची बॅटरी
सकाळी पूर्ण भारित केलेले पाल्याचे सिमयुक्त घड्याळ नेमके शाळा सुटण्याच्या वेळी बंद पडते आणि पालक घाबरून शाळेकडे धाव घेतात. दोष बहुधा मुलाचा नसतो. मनगटावर मावणारी बॅटरी काही शे मिलिअँपिअर-तासांचीच. फोनची आज बहुधा ४००० हून अधिक. त्यातच जाड भिंतींआड लहरी क्षीण झाल्या, की घड्याळ टॉवरचा शोध घेत राहते व प्रक्षेपणाची शक्ती वाढविते. दूरच्या सोबत्यास हाक मारताना आवाज चढवावा लागतो, तसेच हे. मिनिटामिनिटास मुलाचे ठिकाण विचारणारे पालकही (त्यांची काळजी रास्तच) त्यात भर घालतात. वर्ग चालू असता ठिकाण अर्ध्या तासाने कळविण्याची योजना करावी; शाळा सुटल्यावर वारंवार. घरचा दूरध्वनी क्रमांक मात्र मुलाकडून मुखोद्गत करून घ्यावा.