संगणक मंडळातील पहिला दिवस

तलासरीच्या एका शाळेतील मुलांनी संगणक मंडळ काढले. जवळच्या पाड्यावरची एक मुलगी मंडळाची नवी सभासद झाली.

पहिल्या दिवशी ती लांबच उभी राहिली. मोठ्या वर्गातली ताई म्हणाली, "अगं, बस ना इथं."

"मी हात लावला आणि बिघडलं तर?"

"चुकीचं बटण दाबलं म्हणून संगणक मोडत नाही. त्यावर पाणी सांडू नकोस. काम झालं की नीट बंद कर, एकदम वीज तोडू नकोस. आणि अडलं की विचार. विचारायला लाजायचं नाही."

ताईने तिला कळांची पाटी दाखवली. त्या पाटीवर मराठी अक्षरे होती. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. आधी अक्षर दाबायचे, मग काना किंवा वेलांटी. पहिली वेलांटी वहीत अक्षराच्या डावीकडे दिसते. येथे मात्र ती अक्षरानंतर दाबायची. मुलीने श दाबला, मग पहिली वेलांटी, मग क, मग काना. पडद्यावर शब्द उमटला - 'शिका'. मुलगी हसली.

घरी येऊन तिने बाबांना सारे सांगितले. बाबांना सातबाऱ्याचा कागद हवा होता. कागद काढून देणारा एक जण दर वेळी दोनशे रुपये घेई. कागदात काय आहे, ते मात्र सांगत नसे.

मुलगी म्हणाली, "बाबा, रविवारी तू पण ये. आपणच बघू."

"मला जमंल का गं?"

"तुला आता वाचता येतं ना? मग जमंल."

रविवारी दोघे गेले. ताईने सरकारी पान उघडून दिले. बाबांनी पडद्यावर जिल्हा निवडला - पालघर. मग तालुका, मग गाव. मग गट क्रमांक घातला. सातबारा समोर आला. बाबांनी बोट ठेवून एकेक नाव वाचले. चौथे नाव त्यांचे होते. त्यांनी ते दोनदा वाचले. नुसते पाहायला पैसे पडत नाहीत. सरकारी कामाला चालणारा, डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, हेही त्यांना कळले.

बाबांना आपल्या आजाची आठवण झाली. त्या काळी सावकार कागद पुढे करी. लोक न वाचता अंगठा उठवत. अशाने अनेकांच्या जमिनी गेल्या, नशिबी वेठ आली. 1945 साली झरी गावी हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, असे त्यांनी ठरवले. झरी आज तलासरी तालुक्यात आहे.

बंधूंनो, भगिनींनो, आज अंगठा कागदावर कमी आणि यंत्रावर जास्त ठेवावा लागतो. नियम मात्र तोच आहे. आधी वाचा, मग अंगठा ठेवा. समजले नाही तर विचारा. आपला परवलीचा शब्द आणि मोबाइलवर आलेला गुप्त आकडा कोणालाही सांगू नका.

मुले शिकत असतील, तर त्यांच्या शेजारी बसा. मुलांकडून शिकण्यात कमीपणा नाही.

सांगा पाहू :
1. मुलगी लांब का उभी राहिली?
2. सातबारा पाहण्यासाठी बाबांनी काय काय भरले?
3. न वाचता अंगठा का ठेवू नये?